कुंकू काळं की करडं? फिल्मवरचं ब्लॅक अँड व्हाइट आणि रंगीतवरून केलेलं ब्लॅक अँड व्हाइट

गेल्या काही वर्षांत एक गंमतशीर प्रकार वाढलाय. सिनेमा रंगीत बनतो, थिएटरात चालतो, आणि मग त्याचीच ब्लॅक अँड व्हाइट आवृत्ती बाजारात येते. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'ची आली, 'लोगन'ची आली, 'पॅरासाइट'ची आली, 2024 च्या जानेवारीत 'गॉडझिला मायनस वन'ची आली. दुसरीकडे काही लोक सुरुवातीपासूनच रंगाला फाटा देतायत. 'ओपनहायमर'मधल्या (2023) ब्लॅक अँड व्हाइट प्रसंगांसाठी कोडॅकने 65 मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म पहिल्यांदाच बनवून दिली, कारण तोवर ती अस्तित्वातच नव्हती. आपल्याकडे मामुट्टीचा मल्याळम 'ब्रमयुगम' (2024) पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट आहे. नेटफ्लिक्सवरची 'रिप्ली' ही मालिकाही तशीच. आणि तिसऱ्या बाजूला व्हॉट्सॲपवर उलटी गंगा वाहतेय: जुने कृष्णधवल फोटो एआयने रंगवून फॅमिली ग्रुपवर टाकायचे.

या विषयावर मित्रांमध्ये बोलणं निघालं की एक वाक्य हमखास येतं. "एवढा खटाटोप कशाला? रंगीत शूट करायचं आणि सॅच्युरेशन शून्यावर आणायचं. झालं ब्लॅक अँड व्हाइट!" माझं रोजचं काम इमेज प्रोसेसिंगच्या कोडचं आहे, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की मी जरा सरसावून बसतो. कारण "सॅच्युरेशन शून्य" याचा अर्थ नेमका काय, हे एकदा आकड्यांत बघितलं की वरच्या तिन्ही बातम्या एकाच प्रश्नाभोवती फिरतात हे कळतं.

तो प्रश्न असा: लाल रंग किती करडा?

तीन आकड्यांचा एक आकडा

रंगीत डिजिटल फोटोत प्रत्येक पिक्सेलला तीन आकडे असतात. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी 0 ते 255. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये एकच आकडा हवा. म्हणजे तिघांचं मिळून एक करायचं. कसं करायचं, हे निसर्गाने कुठे लिहून ठेवलेलं नाही. कुणीतरी ठरवावं लागतं.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सूत्र असं आहे: लालचे 0.299, हिरव्याचे 0.587, निळ्याचे 0.114. तिन्ही गुणून बेरीज करा. पायथनमध्ये काम करणाऱ्यांना माहीत असलेल्या ओपनसीव्ही आणि पिलो या दोन्ही लायब्ररी हेच सूत्र वापरतात. हिरव्याला एवढं वजन का? कारण आपल्या डोळ्याला हिरव्या भागातला प्रकाश सगळ्यात उजळ वाटतो. पण नेमके हे आकडे आले 1953 च्या अमेरिकन रंगीत टीव्हीच्या मानकातून. तेव्हा अडचण अशी होती की रंगीत प्रक्षेपण सुरू झालं तरी लोकांच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट सेट होते. त्या सेटवरही चित्र नीट दिसायला हवं, म्हणून सिग्नलमध्ये उजेडाचा भाग वेगळा पाठवायचा आणि रंगाची माहिती वेगळी. जुना सेट फक्त उजेडाचा भाग उचलायचा.

आपल्याकडेही हेच झालं. दूरदर्शन 1982 मध्ये रंगीत झालं, पण बहुतेक घरांत पुढे कित्येक वर्षं ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच होता. म्हणजे ज्या लाखो लोकांनी 'रामायण' आणि 'महाभारत' ब्लॅक अँड व्हाइट सेटवर बघितलं, त्यांनी कृष्णधवल मालिका बघितलीच नव्हती. त्यांनी रंगीत मालिकेचं ग्रेस्केल रूपांतर बघितलं, थेट, दर रविवारी, 0.299-0.587-0.114 च्या हिशोबाने! माझी आई सांगते की 1992 च्या वर्ल्ड कपात रंगीत कपडे आले म्हणून केवढी चर्चा होती, आणि आमच्या घरी दोन्ही संघ राखाडीच.

आता त्या सूत्राची गंमत बघा. शुद्ध लाल घ्या: 255, 0, 0. उत्तर येतं 76. आता एक मध्यम गडद हिरवा घ्या: 0, 130, 0. उत्तर? पुन्हा 76. म्हणजे लाल काठाची हिरवी साडी असेल आणि रंग नेमके असे जुळले, तर काठ आणि अंग एकमेकांत विरघळून जातात. डोळ्यासमोर जे दोन रंग एकमेकांवर ओरडत होते, ते ग्रेस्केलमध्ये जुळे भाऊ होतात.

बरं, सूत्रही एकच नाही. एचडी टीव्हीच्या मानकात वजनं बदलली: 0.2126, 0.7152, 0.0722. ब्राउझरमधला ग्रेस्केल फिल्टर ही वजनं वापरतो, सायकिट-इमेज ही लायब्ररी जवळपास हीच. त्यात तोच लाल 54 होतो आणि तोच हिरवा 93. काठ पुन्हा उठून दिसायला लागतो. आणि ज्याला शास्त्रशुद्ध म्हणता येईल असं रूपांतर, म्हणजे आधी गॅमा काढून प्रकाशाचं खरं प्रमाण मिळवायचं, मग वजनं लावायची, मग परत गॅमा चढवायचा, ते केलं तर तोच शुद्ध लाल 127 येतो. आणि जे शब्दशः "सॅच्युरेशन शून्य" आहे, म्हणजे एचएसएल पद्धतीत सॅच्युरेशनचा आकडा शून्य करणं, त्यात शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा तिन्ही एकसारखे 127-128 वर येऊन बसतात. तिघांत काही फरकच उरत नाही.

एकच लाल. 54, 76, 127. एकाच कुंकवाची तीन उत्तरं, आणि तिन्हींना सॉफ्टवेअर "ग्रेस्केल" हेच नाव देतं. माझ्या क्षेत्रातले लोक हे रोज वापरतात आणि बहुतेकांनी सूत्र उघडून बघितलेलं नसतं. एका लायब्ररीत मॉडेल शिकवायचं आणि दुसऱ्या लायब्ररीने फोटो करडे करून त्याला खायला घालायचे, आणि मग अचूकता थोडी का घसरली म्हणून दोन दिवस डोकं खाजवायचं, हे मी जवळून बघितलंय.

फिल्मला लाल दिसायचाच नाही

फिल्म हे काम कसं करायची? फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. प्रकाश पडला की त्यात बदल होतो आणि रोल धुतला की तिथे काळी चांदी उरते. पण हे कण मुळात फक्त निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश ओळखतात. हिरवा आणि लाल त्यांच्या दृष्टीने अंधार. 1873 मध्ये हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की फिल्मच्या लेपात ठरावीक रंगद्रव्यं मिसळली तर ती हिरव्यालाही प्रतिसाद देते. त्यातून आली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म: निळं आणि हिरवं दिसतं, लाल नाही. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट आली. पण सिनेमात ती रुळायला 1920 चं दशक उजाडलं.

ऑर्थोचा एक मोठा फायदा होता. तिला लाल दिसत नसल्यामुळे डार्करूममध्ये लाल दिवा लावून ती बघत-बघत धुता यायची. म्हणून फोटो स्टुडिओंनी ती लवकर सोडली नाही. सिनेमातला डार्करूमचा लाल दिवा आठवतो ना? त्याचं कारण हेच.

आता विचार करा, लाल न दिसणाऱ्या फिल्मवर काय होतं. निळं आकाश पांढरंफटक. झेंडू जवळपास काळा. ओठ काळे. कुंकू काळं. दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हाची फिल्म लालच्या बाबतीत अशी आंधळीच होती. तेव्हा जगभर नट चेहऱ्याला विचित्र रंगांचा मेकअप करायचे, कारण नैसर्गिक त्वचेत लालसरपणा असतो आणि तो फिल्मवर काळवंडायचा. पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळल्यावर सगळं गणित बदललं, इतकं की 1928 मध्ये मॅक्स फॅक्टरने खास पॅनक्रोमॅटिक फिल्मसाठी वेगळा मेकअप काढला. आणि 1937 मध्ये प्रभातने 'कुंकू' नावाचा सिनेमा केला. नावातच लाल रंग आहे, आणि पडद्यावर तो रंग कुणाला कधीच दिसला नाही. तरी तो सगळ्यांना लालच दिसला असणार, हा भाग वेगळा.

पॅनक्रोमॅटिक फिल्मसुद्धा डोळ्यासारखं बघत नाही. ती निळ्याला डोळ्यापेक्षा बरंच जास्त महत्त्व देते, म्हणून ढग आकाशात हरवतात. त्यावर उपाय म्हणजे लेन्सवर पिवळी किंवा नारिंगी काच. ती काच निळा अडवते, आकाश गडद होतं, ढग उठतात. लाल काच लावली तर आकाश काळंच पडतं. हिरवी लावली तर पानं उजळतात. जुन्या फोटोग्राफरच्या बॅगेत या काचा असायच्या, आणि कुठली लावायची हे बटण दाबण्याआधी ठरवावं लागायचं.

माझ्या मते खरा फरक इथे आहे. ग्रेन, कॉन्ट्रास्ट, ती सुंदर चमक वगैरे गोष्टी लोक आधी सांगतात. त्या खऱ्या आहेत, नाही असं नाही. फिल्म फार उजेडात हळूहळू पांढरी होते, सेन्सर मात्र एका मर्यादेनंतर सपाट 255 वर आपटतो. ग्रेन अस्ताव्यस्त विखुरलेला असतो, पिक्सेल चौकटीत बसलेले असतात. पण हे सगळं आज सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी नक्कल करता येतं. रंगाचं वजन मात्र फिल्ममध्ये प्रकाश आत शिरतानाच ठरतं आणि नंतर बदलत नाही. रूपांतरात ते नंतर ठरतं आणि कितीही वेळा बदलता येतं. किंवा, जे जास्त वेळा होतं, कुणीच ठरवत नाही आणि 1953 च्या समितीचा आकडा गुपचूप लागू होतो.

म्हणजे रूपांतर जिंकलं का? नंतर कुठलंही वजन देता येतं तर फिल्मची नक्कल करायला अडचण काय? पूर्ण नाही करता येत, आणि याचं कारण तांत्रिक आहे. प्रकाशात अखंड वर्णपट असतो, जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत. रंगीत सेन्सर त्याचे तीन ढोबळ गठ्ठे करतो आणि तीनच आकडे ठेवतो. एकदा गठ्ठा बांधला की त्यातली नारिंगीकडची बाजू आणि गडद तांबडी बाजू वेगळी काढता येत नाही. फिल्मचा स्वतःचा एक वक्र असतो, तो संपूर्ण वर्णपटावर चालतो. दोन कापडं सेन्सरला अगदी सारखी लाल दिसतील आणि एखाद्या फिल्मवर त्यातलं एक दुसऱ्यापेक्षा गडद येईल. सेन्सरला तो फरक दिसलाच नाही, तर नंतर सॉफ्टवेअर तो कुठून आणणार?

'द लाइटहाउस' (2019) करताना कॅमेरामन जॅरिन ब्लाश्के याने म्हणूनच वाकडी वाट धरली. त्याने कोडॅकची डबल-एक्स ही 1959 पासून चालत आलेली ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घेतली आणि श्नायडर कंपनीकडून एक खास फिल्टर बनवून घेतला, जो तांबडा प्रकाश कापून टाकतो. म्हणजे आधुनिक फिल्मला मुद्दाम ऑर्थोसारखं आंधळं केलं. परिणाम? विलेम डॅफो आणि रॉबर्ट पॅटिन्सन यांच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती, प्रत्येक डाग, फुटलेली प्रत्येक बारीक शीर ठसठशीत. समुद्राच्या वाऱ्याने भाजून निघालेले दोन माणसं. लाल प्रकाश त्वचेत आत शिरून विखुरतो आणि चेहरा मऊ करतो. तो काढला की खरखरीत पृष्ठभाग उरतो.

रंगीत सिनेमा नुसता करडा करून का चालत नाही

आता त्या री-रिलीजकडे वळू. आजचे मोठे सिनेमे बहुतेक नारिंगी आणि निळसर-हिरव्या रंगांच्या जोडीवर बेतलेले असतात. चेहरे नारिंगी, मागची बाजू निळसर. दोन्ही रंग एकमेकांविरुद्ध असल्यामुळे माणूस उठून दिसतो. पण हा फरक रंगाचा आहे, उजेडाचा नाही. सूत्र लावा: 255, 165, 0 हा झेंडूसारखा नारिंगी 173 वर येतो. 135, 206, 235 हे आकाश 188 वर. रंगीत फोटोत केवढा विरोध, आणि करड्यात जेमतेम 15 चा फरक. सगळा गिलावा.

म्हणून नीट केलेल्या आवृत्त्यांत प्रत्येक शॉट नव्याने ग्रेड करावा लागतो. 'गॉडझिला'च्या वेळी हेच केलं. 'रोमा' (2018) हे सगळ्यात चांगलं उदाहरण. आल्फोन्सो क्वारोनने तो डिजिटल कॅमेऱ्यावर रंगीत शूट केला आणि नंतर कृष्णधवल केला, पण शूटिंगच्या वेळीच तो सिनेमा कृष्णधवल आहे हे ठरलेलं होतं. रंगाची माहिती हातात असल्यामुळे नंतर पान वेगळं उजळता आलं, त्वचा वेगळी, आकाश वेगळं. लेन्सवरच्या काचेने हे जमलं नसतं, कारण काच अख्ख्या चौकटीवर एकसारखी लागते. 'रोमा'ला सिनेमॅटोग्राफीचं ऑस्कर मिळालं, आणि कुणी म्हणू शकत नाही की हे फक्त रूपांतर होतं. रॉबर्ट एल्स्विटने 2005 मध्ये 'गुड नाइट, अँड गुड लक' रंगीत फिल्मवर शूट करून कृष्णधवल केला होता, त्यानेच पुढे 'रिप्ली' केली. त्या माणसाला रंगातून करडा काढण्याचा वीस वर्षांचा सराव आहे, आणि तो दिसतो.

याउलट ज्या आवृत्त्या केवळ चाहत्यांना पुन्हा तिकीट घ्यायला लावण्यासाठी येतात, त्या बघताना मला सतत जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आठवतो. रंगासाठी रचलेली चौकट, वर करड्याचं आवरण. पूर्वी सेट, कपडे, अगदी रक्तसुद्धा करड्या छटेसाठी निवडलं जायचं. 'सायको'मध्ये (1960) रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं, कारण फिल्मवर ते खऱ्यासारखं दिसायचं. रंग कुठलाही असो, पडद्यावर छटा बरोबर हवी!

मधला रस्ता म्हणून मोनोक्रोम सेन्सर आलेत. नेहमीच्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलसमोर लाल, हिरवी किंवा निळी काच असते (निम्म्या हिरव्या, पाव-पाव लाल आणि निळ्या), आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतात. ती काचच काढून टाकली की प्रत्येक पिक्सेलला सगळा प्रकाश मिळतो. चित्र जास्त स्वच्छ आणि कोरीव येतं. लायकाने 2012 मध्ये असा कॅमेरा काढला, 2023 मध्ये पेंटॅक्सही या रांगेत आला. सिनेमात 'मँक' (2020) आणि 'एल कोंदे' (2023) मोनोक्रोम सेन्सरवर झाले. पण मग तुम्ही परत फिल्मच्या जमान्यात जाता. नंतर रंगाचं वजन बदलायची सोय गेली, काचा पुन्हा बॅगेत आल्या. लायकाच्या किमतीत आपल्याकडे छोटी गाडी येते, त्यामुळे या पर्यायावर मी जास्त शब्द खर्च करत नाही.

फिल्मचंही फार बरं चाललेलं नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये कोडॅकने आपल्या तिमाही अहवालात कंपनी पुढे चालू राहण्याबद्दलच शंका नोंदवली होती. बातमी पसरल्यावर खुलासाही केला. आपल्याकडे उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना 'इंदू' नावाची फिल्म बनवायचा, तो केव्हाच बंद पडला.

आपल्या चेहऱ्यांचा प्रश्न

इथवर हे सगळं सिनेमावाल्यांचं दुखणं वाटेल. पण एक साधा प्रयोग करा. भारतीय गव्हाळ-सावळ्या त्वचेचा एक पिक्सेल घ्या, समजा 160, 110, 80. टीव्हीचं जुनं सूत्र: 122. एचडीचं: 118. नुसता लाल चॅनेल घेतला तर 160. नुसता निळा घेतला तर 80.

तोच चेहरा, 80 पासून 160 पर्यंत. दुप्पट फरक. त्वचा जितकी तपकिरी, तितका लाल आणि निळ्यातला फरक मोठा, त्यामुळे वजनाचा परिणामही आपल्यावर जास्त. अगदी फिकट गोऱ्या चेहऱ्यात तिन्ही आकडे जवळजवळ असतात, तिथे कुठलंही सूत्र लावलं तरी फारसं बिघडत नाही. आपल्या चेहऱ्यांना मात्र हिरव्यावर भर देणारं तयार सूत्र मातकट करतं. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर, बल्बच्या पिवळट-तांबूस उजेडात काढलेले जुने स्टुडिओ फोटो इतके तेजाळ का दिसतात, याचं एक कारण हे आहे. त्या उजेडात लाल भरपूर असतो आणि त्या फिल्मला लाल दिसतो.

याची उलटी बाजू जास्त गंभीर आहे. आमच्या पणजीचा एक स्टुडिओतला फोटो आहे, 1930 च्या आसपासचा. मी तो हौसेने दोन एआय ॲपमध्ये रंगवून बघितला. एकाने तिला गुलाबी गोरी केलं, दुसऱ्याने काळीसावळी. साडी दोघांनीही बिस्किटासारख्या रंगाची केली आणि काठ काळा. कपाळावर दोघांनीही काळी टिकली लावली. फोटो आत्याआजीला दाखवला तर ती म्हणाली, "अरे, ते लुगडं हिरवंगार होतं, काठ लाल. आणि सवाष्ण बाई काळं कुंकू लावेल का?"

एआय असं का वागतं? ही मॉडेल शिकवताना लाखो आधुनिक रंगीत फोटो घेतात, सूत्राने करडे करतात, आणि मॉडेलला सांगतात की मूळ रंग ओळख. मॉडेल शिकतं: इतका करडा म्हणजे इतका उजेड, आणि अशा आकाराच्या वस्तूचा रंग बहुधा असा. पण पणजीचा फोटो त्या सूत्राने करडा झालेलाच नाही. तो बहुधा लाल न बघणाऱ्या प्लेटवर काढलाय. तिथला काळा काठ म्हणजे लाल काठ, आणि फिकट अंग म्हणजे हिरवं. चेहरा प्रत्यक्षापेक्षा गडद, सुरकुत्या प्रत्यक्षापेक्षा खोल. मॉडेल वेगळ्याच भाषेतला मजकूर आपल्या भाषेतला समजून वाचतं आणि आत्मविश्वासाने अर्थ सांगतं.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. 2021 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी जुन्या फोटोंवर काम करताना नेमका हा मुद्दा धरला: आधी जुनी फिल्म कुठल्या रंगांना आंधळी होती त्याचं गणित मॉडेलमध्ये घातलं, मग चेहरा बनवला. अब्राहम लिंकनच्या प्रसिद्ध सुरकुत्या त्यात बऱ्याच सौम्य झाल्या. पण फोनवरच्या फुकट ॲपकडून एवढी काळजी कशाला अपेक्षायची? तिथे फोटो टाकला, पाच सेकंदांत रंगीत, लगेच फॉरवर्ड.

त्वचा सावळी दाखवली म्हणून माझी तक्रार नाही. सावळं असण्यात कमीपणा कुठला? तक्रार ही आहे की रंगवलेला फोटो अंदाज आहे हे त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं, आणि तो मूळ फोटोपेक्षा जास्त खरा वाटतो. टिळकांचे, समाजसुधारकांचे, स्वातंत्र्यसैनिकांचे असे रंगवलेले फोटो जयंतीला फिरतात, मग बॅनरवर येतात. दहा वर्षांनी तेच रंग 'खरे' ठरतील. 'मुघल-ए-आझम' 2004 मध्ये रंगीत केला तेव्हा निदान सगळ्यांना माहीत होतं की रंग नंतर भरलेत. इथे तेही नाही.

त्यामुळे घरचे जुने फोटो असतील तर आधी ते स्कॅन करा, आणि स्कॅन करताना फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅनर कलर मोडवर ठेवा. पिवळेपणा, डाग, शाईचा शिक्का हे वेगवेगळ्या चॅनेलमध्ये वेगवेगळे दिसतात, त्यामुळे डाग काढायला सोपं जातं. ती फाइल तशीच ठेवून द्या, रंगवायचं ते तिच्या कॉपीवर. आणि घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर साडी कुठल्या रंगाची होती ते विचारून फाइलच्या नावातच लिहून टाका.

नवा फोटो ब्लॅक अँड व्हाइट हवा असेल तर फोनच्या कॅमेऱ्यातला मोनो फिल्टर लावून काढू नका, रंगीतच काढा. मग स्नॅपसीडमधलं ब्लॅक अँड व्हाइट टूल उघडा. त्यात लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे रंगांचे फिल्टर आहेत, ते एकेक लावून बघा. लाइटरूममध्ये ब्लॅक अँड व्हाइट केल्यावर प्रत्येक रंगाची वेगळी पट्टी मिळते. चेहऱ्यासाठी मी नारिंगीपासून सुरुवात करतो, पावसाळ्यातल्या डोंगरासाठी हिरव्यापासून. लाल फिल्टर चेहऱ्यावर जपून वापरा, ओठ गायब होतात. आणि कोड लिहिणाऱ्यांनी कुठलीही नवी लायब्ररी घेतली की आधी तिला 255, 0, 0 चा एक पिक्सेल द्यावा आणि उत्तर काय येतं ते बघून घ्यावं. अर्धा मिनिट लागतो.